टेकडी चढणारी स्कूटर

मंगळवार, ४ मार्च

मैदावाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी दोन महिने फ्रीजवर पडून होती. माझ्या आयुष्यात रोज लिहावं असं काही घडत नाही. केक होतो, केक जातो, भांडी तेवढी मागे राहतात. आज मात्र घडलं.

टेकडीवरच्या हॉटेलच्या मॅनेजरबाईंचा फोन आला. दर शनिवारी दोन दुमजली केक आणि चार साधे, वर्षभर! मी आवाज अगदी थंड ठेवून "बघते, कळवते" म्हटलं, फोन ठेवला आणि ओट्यापाशी स्वतःभोवती एक गिरकी घेतली. ताई खुर्चीत बसून शब्दकोडं सोडवत होती. ताई म्हणजे माझी थोरली बहीण, गणिताची निवृत्त शिक्षिका. आम्ही दोघीच राहतो. तिने मान वर न करता विचारलं, "फिरून झालं असेल तर सांग, टेकडी चढणार कशी?"

खरा प्रश्न तोच आहे. माझी स्कूटर, पिपाणी, चौदा वर्षांची. हॉर्नच्या आवाजावरून तिला हे नाव पडलं. सपाट रस्त्यावर ती गुणी आहे, पण तिच्यावर मी (अंगाने भरलेली, चव बघणं हा धंद्याचा भाग आहे) आणि पायापुढच्या जागेत केकचं खोकं म्हटलं की साध्या पुलावरसुद्धा तिला धाप लागते. टेकडीला चार वळणं आहेत.

पहिला केक २२ तारखेला न्यायचा. तो नीट पोचला तर पुढचं पक्कं, नाहीतर राम राम. वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरच्या वाढदिवसांचे केक करते आहे. माझ्या केकसाठी लोकांनी टेकडी चढून यावं, त्याच्यासमोर बसून खिडकीतून खाली बघावं, असं मला फार वाटतं. हे मी ताईलाही कधी सांगितलेलं नाही.

ठरलं. मोठी स्कूटर घ्यायची.


गुरुवार, ६ मार्च

गॅरेजमध्ये जाऊन आले. पिपाणीला काही झालं नव्हतं, पण स्कूटरच्या बाबतीत मिस्त्रींना विचारल्याशिवाय मी पाऊल टाकत नाही. अकरा वर्षं तेच पिपाणीला बघतात.

मी म्हटलं, "मिस्त्री, मोठी गाडी घेतेय. तुमची कटकट संपली."

त्यांच्या हातातला पाना खाली पडला. उचलून म्हणाले, "पिपाणी अजून दहा वर्षं चालेल."

"चालेल हो, पण चढेल का?"

ते पाना पुसत राहिले. शोरूमच्या कागदावर लिहिलं होतं की नव्या गाडीचं सर्व्हिसिंग दोन वर्षं कंपनीकडेच करायचं, बाहेर कुणी हात लावला तर हमी रद्द. तेही मी त्यांना आनंदाने वाचून दाखवलं. मला वाटलं, दर पंधरा दिवसांनी माझी कुरकुर ऐकावी लागणार नाही म्हणून बरं वाटेल. तर ते एकाच चाकात दोनदा हवा भरत बसले. तब्येत बरी नसावी.

शेवटी म्हणाले, "बघायला जाल तेव्हा मी येतो बरोबर. एकट्या जाऊ नका, हे विकणारे लोक काहीही गळ्यात मारतात." माणूस भला आहे यात शंका नाही. फक्त एक गोष्ट मला अकरा वर्षं खटकते. येणाऱ्या प्रत्येक बाईला ते ताई, मावशी, वहिनी काहीतरी म्हणतात. समोरच्या औषधवालीला तर 'माई' म्हणतात आणि ती त्यांच्याहून लहान आहे. मला मात्र नुसतं 'तुम्ही'. मी काय इतकी कडक दिसते?


शनिवार, ८ मार्च

पहिली स्कूटर बघितली. राखाडी, सव्वाशे सीसीची, रुंद सीट, आणि पायापुढची जागा इतकी सपाट की मोठ्यातलं मोठं खोकं बसावं. मी प्रेमातच पडले.

पण मी भुलणारी नाही. घरून मोठं पातेलं नेलं होतं. माझी पद्धत अशी: पायापुढे ओला नॅपकिन, त्यावर पातेलं, त्यात आठ कप पाणी. शोरूमच्या मागच्या गल्लीत पाच स्पीडब्रेकर आहेत. तिथून एक फेरी मारायची आणि परत आल्यावर किती पाणी उरलं ते मोजायचं. जी गाडी पाणी सांभाळेल ती क्रीम सांभाळेल. सेल्समनने अशी चाचणी जन्मात पाहिली नसावी. "मॅडम, मायलेज विचारा, रंग विचारा," असं म्हणत तो माझ्यामागे फिरत होता. ताई मापाचा कप घेऊन फूटपाथवर परीक्षकासारखी उभी.

फेरीआधी मिस्त्री म्हणाले, "हवा बघतो जरा." स्वतःचा पायपंप बरोबर आणला होता. सेल्समन म्हणाला, हवा सकाळीच भरलीय. मिस्त्री म्हणाले, "आमच्या पद्धतीने बघू द्या." बराच वेळ पंप मारत होते, कपाळावर घाम आला होता. दुसऱ्याच्या गाडीसाठी कोण इतकी काळजी घेतं हल्ली?

आणि काय सांगू! पहिल्याच स्पीडब्रेकरला गाडी चेंडूसारखी उडाली. परत आले तेव्हा चपला ओल्या, सलवार गुडघ्यापर्यंत ओली. ताईने मोजून जाहीर केलं, "आठपैकी तीन. नापास."

मिस्त्री जमिनीकडे बघत म्हणाले, "शॉकअप कडक आहेत. क्रीमचं काही खरं नाही." माझ्यापेक्षा त्यांचाच चेहरा पडला होता.


मंगळवार, ११ मार्च

दुसरी स्कूटर. स्कूटर कसली, दिवाणखान्यातला सोफाच होता. पुढे काच, दोन दिवे, सीटखाली एवढी डिकी की ताई आत बसेल. (हे ताईला आवडलं नाही.) पण पायापुढे मधोमध उंचवटा! तिथे केक ठेवायचा म्हणजे घोड्याच्या पाठीवर ताट मांडायचं. विकणारी मुलगी म्हणाली, "उंचवट्यामुळे गाडीला भारदस्तपणा येतो." मी म्हटलं, "बाळ, भारदस्तपणा मी माझा आणलाय, मला सपाट जागा हवीय."

मिस्त्री खो खो हसले. इतके हसताना मी त्यांना पाहिलं नव्हतं. हसले की दहा वर्षांनी लहान दिसतात. आज पंप आणला नव्हता. म्हणाले, "ही तर बघूनच कळते, हवा कशाला बघायची?" येताना मला रस्त्याच्या आतल्या बाजूने चालायला लावलं आणि चौकात हात आडवा धरून गाड्या थांबवल्या. मी काय लहान आहे?


शुक्रवार, १४ मार्च

तिसरी. निळी. पाणी छान सांभाळलं, साडेसात कप उरले. पण सीट उंच. थांबले की माझे पाय जमिनीपासून चार बोटं वर. सिग्नलला झाडाला टेकावं लागलं. मिस्त्री म्हणाले, "चढावर थांबायची वेळ आली तर पडाल." अगदी मनापासून बोलले आणि खरंही होतं. नाही म्हणून परत फिरलो.

रात्रीच्या जेवणात ताई म्हणाली, "ती राखाडी पुन्हा एकदा बघूया."

"मिस्त्रींनी नाही सांगितलं ना."

"मिस्त्री, मिस्त्री! माझ्या वर्गात एक मुलगा होता, गणितात हुशार. सहामाहीला मुद्दाम सगळी उत्तरं चुकवली. का, माहितेय? पास झाला असता तर त्याला वरच्या तुकडीत टाकणार होते आणि त्याला आहे तीच तुकडी सोडायची नव्हती."

मी विचारलं, याचा स्कूटरशी काय संबंध? तर ती हसत भाजी वाढून घेत बसली. वय झालं की माणसं विषय सोडून बोलायला लागतात. मला माणसं बरोबर ओळखता येतात, हे ताईला अजून पटत नाही.


बुधवार, १९ मार्च

गाडी ठरली नाही. शनिवार तीन दिवसांवर. पहिला केक पिपाणीवरूनच न्यायचा असं ठरवलं. एकच केक आहे, हळूहळू जाईन.

मिस्त्री दोन दिवस पिपाणीवर काम करत होते. क्लच बदलला, पट्टा बदलला, काय काय साफ केलं. औषधवाली सांगत होती, परवा दुपारी जेवलेसुद्धा नाहीत. आज गाडी देताना म्हणाले, "चढेल. मी जबाबदार." पण नजरेला नजर देत नव्हते.


शनिवार, २२ मार्च

चढली नाही.

पहिलं वळण पार केलं तेव्हा मी मोठ्याने "शाब्बास!" म्हटलंसुद्धा. दुसऱ्या वळणावर पिपाणी गुरगुरली, थरथरली आणि बंद पडली. तेवढ्यावर थांबलं नाही, मागे घसरायला लागली. मी दोन्ही ब्रेक दाबले, पाय रोवले. गाडी थांबली, पण खोकं पुढे सरकून आपटलं. उघडून बघायचा धीर नव्हता, तरी बघितलं. वरचा मजला झाकणाला टेकून बसला होता, थकलेल्या माणसासारखा.

ताईला फोन करायचा, तर बोट का कुणास ठाऊक मिस्त्रींच्या नंबरावर गेलं. ते मोटरसायकलवर आले तेव्हा हातात अजून पाना तसाच होता. काही विचारलं नाही. मी खोकं कवेत घेऊन मागे बसले आणि त्यांनी इतकी सांभाळून गाडी नेली की उरलेल्या वळणांवर केक हलला नाही. पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

मॅनेजरबाईंनी झाकण उघडलं. त्यांनी एक घास खाल्ला, डोळे मिटले. म्हणाल्या, "चवीला तोड नाही. पण लोक आधी बघतात, मग खातात." मग झाकण लावत, "पुढचा शनिवार. सगळी ऑर्डर आणा, सहाच्या सहा. पण ती शेवटची संधी हं. माझ्याकडे शहरातली दुसरी एक बेकरी विचारतेय."

मी "हो" म्हटलं, बाहेर आले आणि हॉटेलच्या मुदपाकखान्याबाहेरच्या बोळात, धुतलेल्या ट्रेंच्या शेजारी उभी राहून रडले. मिस्त्री हातात हेल्मेट धरून उभे होते. म्हणाले, "माझ्यामुळे झालं." मी म्हटलं, "तुमच्यामुळे कसं? पिपाणी म्हातारी झाली." तर त्यांचा चेहरा असा झाला की मीच त्यांना समजावायला लागले.


रविवार, २३ मार्च



सकाळी दहाला बेल वाजली. मिस्त्री. अकरा वर्षांत कधी घरी आले नव्हते. इस्त्रीचा शर्ट, केस ओले. ताई म्हणाली बसा, ते बसले नाहीत. दारातल्या पायपुसण्यावर उभं राहूनच बोलले.

"त्या राखाडी गाडीत काही दोष नव्हता."

"म्हणजे?"

"हवा मी भरली होती. हवी त्याच्या जवळजवळ दुप्पट. म्हणून उडाली. शॉकअप चांगले आहेत तिचे. तुमच्यासाठी तीच गाडी बरोबर होती, पहिल्या दिवसापासून."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं आणि डोकं फिरलं. मी विचारलं, "का?"

त्यांनी ताईकडे बघितलं. ताई कधीही, कोणाच्याही भांडणातून उठून जात नाही. शेजाऱ्यांच्या भांडणातसुद्धा ती खिडकीत खुर्ची घेऊन बसते. आज उठली आणि गॅलरीत गेली.

मिस्त्री म्हणाले, "ती घेतली असती तर गाडी दोन वर्षं कंपनीकडे गेली असती."

"मग? तुमच्याकडे काय गिऱ्हाइकं कमी आहेत?"

"गिऱ्हाइकं आहेत," ते म्हणाले. बस्स, एवढंच.

मग मी जे बोलले ते लिहीत नाही. इतकं लिहिते की एका गाडीच्या कामासाठी तुम्ही माझी टेकडी घालवलीत, असं ओरडले. त्यांनी ऐकून घेतलं. "चुकलं माझं. फार चुकलं. काल तुम्ही रडलात तेव्हाच सांगायला हवं होतं, धीर झाला नाही. पिपाणी खाली आणून ठेवलीय." किल्ली माझ्या हातात ठेवली आणि गेले.

ताई आत आली. "काय म्हणाला?"

"धंदा! धंद्यासाठी माणूस इतका घसरतो!"

ताईने कपाळावर हात मारून घेतला. "तू या जन्मी काही पास होत नाहीस," म्हणाली.


सोमवार, २४ मार्च

एकटी गेले. पातेलं बगलेत. सेल्समनने मला पाहिलं आणि न सांगता नळाखालून आठ कप पाणी आणून दिलं.

पाच स्पीडब्रेकर जाऊन परत आले. साडेसात कप! अर्धाच कप सांडला, तोही मी आनंदाने हात सोडला तेव्हा. सेल्समनने टाळ्या वाजवल्या, आतला मॅनेजर बाहेर येऊन बघून गेला. चपला कोरड्या बघून मला एकीकडे नाचावंसं वाटत होतं आणि दुसरीकडे पायपंप घेऊन कुणाच्या तरी पाठीत घालावासा वाटत होता.

विकायला मात्र राखाडी उरली नव्हती, ही नुसती फेरीसाठीची. तीच गाडी पिवळ्या रंगात होती, आणि शुक्रवारी देतो म्हणाले. पिवळी म्हणजे पिवळीधमक, लांबून कुणीही "आली बघ" म्हणेल अशी. मी म्हटलं, "अहो, मी सत्तेचाळीस वर्षांची आहे." तो म्हणाला, "मग तर लोकांना तुम्ही दिसायलाच हव्यात." घेतली. घरी येताना एकटीच हसत होते.

जुनी गाडी देऊन टाका, म्हणाले. का कुणास ठाऊक, मी नको म्हटलं. तिला मधून मधून काहीतरी होतच राहणार, हे माहीत असूनही.


गुरुवार, २७ मार्च

दिवसभर केकचे तळ भाजले. दुपारी साखर समजून मीठ मापलं होतं, शेवटच्या क्षणी ताईने ओरडून वाचवलं. मला इतकं हसू आलं की पहिला विचार हाच आला, गॅरेजमध्ये सांगायला हवं. मग आठवलं, आपण चिडलो आहोत.

ताईला म्हटलं, "मला त्याचा राग का जात नाही? लबाडी करणारे काय कमी भेटले? पाण्यात दूध घालणाऱ्याला मी दुसऱ्या दिवशी विसरले."

ताईने पेन्सिल ठेवली. "तो सगळ्या बायकांना ताई, मावशी म्हणतो, अशी तूच तक्रार करतेस ना? तुला का म्हणत नाही?"

"तेच तर! एकदाही नाही. अकरा वर्षांत!"

"का नाही, यावर जरा डोकं चालव. उत्तर आलं की मला सांग. पायऱ्या दाखवायच्या."

निवृत्त झाली तरी गृहपाठ देते.


शनिवार, २९ मार्च

सहाच्या सहा! सहाच्या सहा केक, एक रेघ न हलता!

दोन खेपा केल्या. पहिल्या खेपेला एक दुमजली पायापुढे आणि दोन साधे डिकीत, दुसऱ्या खेपेला तसेच. ताई मागे बसली होती. "मी वजन म्हणून येतेय, मदत म्हणून नाही," म्हणाली आणि संपूर्ण चढ माझ्या खांद्यात बोटं रुतवून बसली. पिवळी काय चढते! दमत नाही, कुरकुरत नाही, वळणावर नुसती कलते आणि पुढे. मला गायला येत नाही, तरी गायले. ताईनेही सूर लावला. समोरून येणाऱ्या टेम्पोवाल्याने आम्हाला वाट दिली आणि बघतच राहिला.

मॅनेजरबाईंनी झाकणं उघडली, सहाही खोक्यांभोवती एक चक्कर मारली आणि हात पुढे केला. "दर शनिवारी," म्हणाल्या. त्यांनी खिडकीपाशी एक केक मांडला. एक आजोबा-आजी येऊन त्याच्यासमोर बसले. आजोबांनी आजींना खाली काहीतरी दाखवलं, आजींनी केककडे बोट केलं. मी ते उभी राहून पाहिलं. तेवढ्यासाठी वीस वर्षं गेली असतील तर गेली, मला चालेल.

एक लिहायचं राहिलं. मुद्दाम शेवटी ठेवलं होतं.

चढताना दुसऱ्या वळणावर मिस्त्री उभे होते. मोटरसायकल कडेला लावलेली, शेजारी हत्यारांची पेटी, आणि डोंगरात काहीतरी शोधत असल्यासारखी मान वर. माझ्याकडे बघितलं नाही. चढावर केक घेऊन मला थांबता येईना. दुसऱ्या खेपेला गेले तरी तिथेच. उन्हात, दोन तास. मी सुखरूप वर जातेय एवढं बघून, निघून गेलेले असणार, कारण दुसऱ्यांदा उतरताना नव्हते.

ताईने मागून विचारलं, "धंद्यासाठी उभा होता का गं?"

आणि उताराला लागल्यावर माझं गणित सुटलं. इतकं सोपं होतं! 'गिऱ्हाइकं आहेत' म्हणाले होते तेव्हा वाक्य तिथे संपलंच नव्हतं, उरलेलं मी ऐकलं नाही. मला ताई कसं म्हणतील ते? आणि मी कितीदा काही बिघडलेलं नसताना पिपाणी घेऊन तिकडे जात होते, तेही मला आजच मोजता आलं. राग आहे अजून. पण आनंद त्याच्याहून जास्त आहे, आणि हे लिहिताना मला लाज वाटत नाही.


मंगळवार, १ एप्रिल

गॅरेजवरून तीनदा गेले. तिन्ही वेळा थांबायचा धीर झाला नाही. तिसऱ्या वेळी हॉर्न वाजवला, पण नव्या गाडीचा हॉर्न इतका सभ्य आहे की कुणी वळूनसुद्धा बघितलं नाही. चढाला न भिणारी बाई मी, आणि एक दार ओलांडता येईना. ताई म्हणते, "पायऱ्या बरोबर आहेत, उत्तर लिहायला घाबरतेस."


शनिवार, ५ एप्रिल

दुसऱ्या शनिवारचे केक पोचवले. ताईला दुसऱ्या खेपेआधीच घरी सोडलं होतं. रिकामी खोकी घेऊन उतरले आणि सरळ गॅरेजसमोर स्टँड लावला. मनाला विचारायची संधीच दिली नाही.

मिस्त्री कापडाने हात पुसत बाहेर आले. पिवळीभोवती एक फेरी मारली, हात पाठीमागे धरून.

"छान आहे," म्हणाले. "मला हात लावता येणार नाही हिला."

"माहीत आहे. दोन वर्षं."

"कुठून आवाज येतोय का?"

"नाही."

"चढावर ओढ कमी पडते?"

"अजिबात नाही."

"मग काय दाखवायला आणलीत?"

"गाडी नाही दाखवायला आणली," मी म्हटलं. "गाडीवरून मी आले."

ते शेजारच्या टायरांच्या चळतीवर बसले. कापडाची घडी घालत हळूच म्हणाले, "रागावलेल्या नाहीत ना?"

"आहे की. अजून चार-पाच दिवस तरी राहणार. तुम्ही केलंत ते वाईटच केलंत, पुन्हा असं चालायचं नाही. पण घरी बसून रागावण्यापेक्षा इथे बसून रागावलं तर चालेल का?"

त्यांनी उठून आतून खुर्ची आणली. त्यांची एकुलती धड खुर्ची. आधी पुसली, मग पुन्हा पुसली. चहा मागवला. मी मीठ-साखरेचा किस्सा सांगितला आणि ते तसेच हसले, सोफ्याच्या दिवशी हसले होते तसे. औषधवालीने समोरून दोनदा डोकावून बघितलं, बघू दे.

घरी आले तेव्हा दिवे लागले होते. ताई दारातच. "एवढा उशीर?"

"ट्रॅफिक होतं," मी म्हटलं.

"अस्सं," ताई म्हणाली. "मग त्या ट्रॅफिकला उद्या जेवायला बोलाव."

मी म्हटलं, "बोलावलंय."